पत्ता चुकलेलं झाड

एकदा एक पोस्टमास्तर निवृत्त झाला आणि झाडांच्या नादी लागला. उभी हयात दुसऱ्यांची पत्रं ज्याने योग्य दारी पोचवली, त्याला स्वतःचं रिकामं घर खायला उठलं तर नवल नाही. अशा वेळी कोणी भजनी मंडळात जातो, कोणी एकच वर्तमानपत्र दिवसभर उलटंसुलटं वाचत बसतो. आमच्या ह्या सबनीस मास्तरांनी मात्र दोनशे पानी वही आणली, खिशाला पेन अडकवलं आणि ते थेट धोंडीआबांच्या अंगणात जाऊन बसले. म्हणाले, "आबा, मला झाडं शिकवा."

धोंडीआबा म्हणजे त्या डोंगरपायथ्याच्या गावातलं एक वेगळंच प्रकरण. सरकारी रोपवाटिकेत त्यांनी जन्मभर रोपं वाढवली होती. वय ऐंशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, गुडघे जवळजवळ संपलेले. तरी दर रविवारी सकाळी दहाबारा हौशी माणसं त्यांच्यामागून टेकडी चढायची. आबा एखाद्या झुडपापाशी थांबायचे, पान उलटं करून बघायचे, चुरगळून वास घ्यायचे आणि मग कधी नाव सांगायचे, कधी नाही. बऱ्याचदा म्हणायचे, "हे अजून सांगता येत नाही. फुलावर आलं की बघू."

हे 'बघू' मास्तरांना अगदी सोसायचं नाही. त्यांच्याकडे पोस्टात बिननावाचं पाकीट आलं की त्यांना जेवण गोड लागत नसे, आणि आता बिननावाच्या झाडाने तीच गत व्हायची. आठ महिन्यांत त्यांनी वहीत तीनशे नावं उतरवली. रस्त्याने जाताना कुंपणाकडे बोट दाखवून ते नाव घेत आणि सोबतच्या माणसाने विचारलं नसलं तरी घेत. गावात त्यांचा दराराही वाढला. कोणाच्या परड्यात काही उगवलं की लोक म्हणायचे, मास्तरांना बोलवा. आता सांगा, ह्या वयात असं बोलावणं आलं की कोणाची छाती फुगणार नाही? मास्तरांची फुगली. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला गोदाक्का राहायची. तिचा नवरा कृष्णाप्पा बांगड्या भरणारा कासार. बोलायला तिखट, पण एक नेम त्याने पंचेचाळीस वर्षं मोडला नाही. सकाळी देवळात जायचा आणि येताना तिथल्या झाडाखाली सांडलेली बकुळीची फुलं टोपीत भरून आणायचा. टोपी बायकोपुढे उलटी करायचा आणि एक शब्द न बोलता चहाला बसायचा. तो गेला आणि गोदाक्काची सकाळच गेली. चूल उशिरा पेटू लागली, दार उशिरा उघडू लागलं. मुलीने सांगलीला चल म्हणून हजारदा विनवलं, ही जागची हलेना.

कृष्णाप्पाला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा तिच्या पायरीशेजारी, भिंतीच्या कडेला एक रोप आलं. वीतभर उंच, तुकतुकीत पानांचं. तिने मास्तरांना हाक मारली. "मास्तर, हे काय उगवलंय बघा हो. काढून टाकू का?"

मास्तर वाकले. पान लंबगोल, कड थोडी लहरती, वर चकाकी. मान वर करून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "काढताय कशाला? बकुळ आहे ही!"

गोदाक्का पायरीवर बसलीच. तोंडाला पदर लावून पुष्कळ वेळ रडली आणि मग म्हणाली, "ह्यांनी पाठवलं. टोपीतून फुलं आणायचे ना, त्यातूनच बी पडलं असणार." फुलांबरोबर बी कसं येईल, हा प्रश्न आठ महिने झाडं शिकलेल्या माणसाला पडायला हवा होता. पण समोरचं माणूस आपल्या एका शब्दाने असं उजळलेलं दिसलं की प्रश्न कोणाला सुचतात? मास्तर तरंगत घरी आले. पुढच्या रविवारी त्यांनी आबांना ती हकीगत रंगवून सांगितली. आबांनी एवढंच विचारलं, "फूल बघितलं होतं का?" मास्तर हसून म्हणाले, "वीतभर रोपाला कुठलं फूल, आबा!" आबा पुढे चालू लागले.

तीन वर्षं गेली. ते रोप मास्तरांच्या छातीपर्यंत आलं. गोदाक्काने त्याला आळं केलं, आधाराला काठी रोवली, जुन्या लुगड्याच्या चिंधीने ते काठीला सैलसर बांधलं. आता ती पहाटेच उठायची, कळशीभर पाणी घालायची आणि चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसायची. कप हातात धरून त्याच्याशी बोलायची. आज मुलीचा फोन आला, काल गुडघा दुखला, तुम्ही असता तर असं झालं असतं. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. गोदाक्काच्या घरचं दार वेळेवर उघडतंय, ह्याचा सगळ्यांनाच आनंद होता.

आणि एका रविवारी आबांनी आपली वरात देवळाच्या आवारात नेली. तिथल्या जुन्या बकुळीची एक कोवळी डहाळी त्यांनी नखाने खुडली. खुडल्या जागी पांढरा चीक आला. "बकुळीची ही एक खूण," आबा म्हणाले. "ध्यानात ठेवा."

मास्तरांनी वही काढली आणि त्यांचा हात तसाच राहिला. दोनच आठवड्यांपूर्वी शेळीने गोदाक्काच्या झाडाचा शेंडा खाल्ला होता. तुटका भाग मास्तरांनीच स्वतःच्या हाताने नीट खुडून काढला होता. बोटाला काही लागलं नव्हतं. ते तसेच तडक गोदाक्काच्या दारी गेले. ती आत होती. त्यांनी चोरासारखी एक डहाळी खुडली, मग दुसरी, मग तिसरी. चिकाचा थेंब नाही. एवढ्या वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा पानाची मागची बाजू पाहिली, आणि तीही बकुळीसारखी नव्हती.

मास्तरांची झोप उडाली. सांगावं तर म्हातारीच्या काळजाचे तुकडे होणार. तिचा नवरा तिला दुसऱ्यांदा जाणार, आणि ह्या वेळी मास्तरांच्या तोंडून. न सांगावं, तर कधी ना कधी त्या झाडाला फूल येणार आणि ज्या बाईने पंचेचाळीस वर्षं बकुळ हुंगली तिला ते एका श्वासात कळणार. चार दिवस ते असे घुसमटले आणि पाचव्या दिवशी त्यांना एक तोड सापडली. तोड कसली, खूळच म्हणा. गोदाक्का नातीच्या बारशाला आठ दिवस सांगलीला जाणार होती. मास्तर शेजारच्या तालुक्यातल्या नर्सरीत गेले आणि बरोबर छातीएवढी, खात्रीची, चीक येणारी बकुळ पिशवीसकट रिक्षात घालून घेऊन आले. बेत असा, की म्हातारीच्या माघारी जुनं झाड उपटायचं आणि त्याच आळ्यात, त्याच काठीला, त्याच चिंधीने नवं बांधायचं. म्हातारीला काय कळणार? नाव खरं होईल आणि कोणाचं मनही मोडणार नाही.

एकट्याने खणणं जमणार नव्हतं, म्हणून ते आबांकडे गेले. आबा रागावतील, चार शब्द सुनावतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "चला. कुदळ मी घेतो."

मास्तर चाट पडले. ज्या माणसाने उभ्या जन्मात झाडाचं नाव उगाच घेतलं नाही, तो अशा कामाला एका शब्दात तयार? पण त्यांनी जास्त विचार केला नाही. आपल्याला हवं तेच कोणी म्हणालं, तर आपण तरी कुठे करतो?

सकाळचे नऊ वाजले असतील. गल्लीत वर्दळ नव्हती. आबा लंगडत आले, कुदळ भिंतीला टेकवली आणि शेजारच्या घरून बादली मागून घेतली. नळाखाली भरली. मग त्या झाडापाशी गेले आणि आळ्यात हलक्या हाताने पाणी सोडू लागले. जुन्याच झाडाच्या आळ्यात. मास्तर पिशवीतली बकुळ पोटाशी धरून बघत राहिले. आबांनी दुसरी बादली आणली. तीही घातली. पानांवरची धूळ हाताने पुसली.

"अहो आबा," मास्तरांना शेवटी राहवेना, "उपटायचं झाड ते. त्याला पाणी कशाला घालताय?"

"तहानलंय," आबा म्हणाले. "म्हातारी जाऊन चार दिवस झाले. पानं बघा कशी उतरलीत."

"पण आता ते..."

"मास्तर, त्याचं नाव काय हे त्याला कुठं ठाऊक आहे? तहान ठाऊक आहे." आबांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. "हं, घ्या कुदळ. माझ्या गुडघ्यांनी व्हायचं नाही."

मास्तरांनी बकुळ खाली ठेवली. कुदळ उचलली. आळ्याची माती आत्ताच भिजलेली, मऊ होती, एका घावात सुटली असती. पण आळ्याच्या कडेने गोदाक्काने नदीतले गोटे लावले होते, एकसारखे, निवडून आणलेले. चिंधी सैल बांधली होती, खोड काचू नये म्हणून. शेळीने खाल्लेल्या शेंड्याच्या खालून दोन नवे फुटवे आले होते. मास्तर कुदळ धरून उभे राहिले. मग कुदळ खाली ठेवून म्हणाले, "नाही होत हो माझ्याच्याने."

"का नाही होत? झाड चुकीचं आहे ना?"

मास्तर वाकून चिंधीची गाठ चाचपू लागले.

"तुमच्या पोस्टात," आबांनी विचारलं, "पाकिटावरचा पत्ता चुकीचा निघाला, तर तुम्ही पत्र जाळायचात का?"

"छे! भलतंच काय? चुकलेला पत्ता खोडायचा, बरोबर असेल तो लिहायचा. ठाऊक नसला तर शोधायचा. आतल्या पत्राला हात लावायचा नाही. गुन्हा आहे तो."

"मग इथं का जाळायला निघालात?" आबा शांतपणे म्हणाले. "चूक ह्या झाडाची नाही, म्हातारीचीही नाही. चिठ्ठी तुम्ही चिकटवलीत, ती तुम्ही सोडवायची. झाड उपटून ती चूक निघत नाही, नुसती मातीखाली जाते. तुम्हाला वाटलं की पान बघितलं म्हणजे झाड बघितलं. रोपवाटिकेत नवा होतो तेव्हा मीही असाच होतो, म्हणून सांगतो. नाव घेतलं की बघणं थांबतं. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्याकडे माणूस रोज बघतो. तीन वर्षांत तुम्ही ह्या दारावरून किती वेळा गेलात? एकदा तरी थांबून बघितलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. बघितलं नव्हतं. वहीत नाव होतं, मग बघायचं कशाला?

"आणि ती रडली तर?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"रडेल की. रडू द्या." आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. "ती तीन वर्षं रोज पाणी घालतेय. तुम्ही समजता तेवढी ती कच्ची नाही."

गोदाक्का परत येईपर्यंत मास्तर रोज सकाळी त्या झाडाला पाणी घालत होते. ती आली त्या दिवशी त्यांनी अंगात स्वच्छ सदरा घातला, जसं काही कोणाकडे मयताला जायचंय, आणि तिच्या दारी जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"आक्का, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ही बकुळ नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची वाटी होती, ती तिने हळूच कट्ट्यावर ठेवली. "म्हणजे ह्यांनी नाही पाठवलं," ती म्हणाली. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मास्तर अंगणात तासभर उभे होते. आतून आवाज आला नाही, रडण्याचाही नाही, आणि त्यापेक्षा रडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. शेजारीण खिडकीतून डबा देऊन आली आणि जाता जाता मास्तरांना म्हणाली, "काय केलंत हो हे! चांगली सावरली होती बाई." मास्तरांना पृथ्वीने पोटात घ्यावं असं झालं. आबांचं ऐकून आपण घोडचूक केली, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांना नर्सरीतून आणलेल्या त्या बकुळीची आठवण झाली. चौथ्या दिवशी सकाळी तिला उचलून ते पुन्हा गेले आणि बंद दारासमोर उभं राहून म्हणाले, "आक्का, ऐका. माझ्याकडे खरी बकुळ आहे. चीक बघून, खात्री करून आणलीय. ते जुनं काढतो आणि तिथं ही लावतो. तुम्ही नुसतं हो म्हणा. खरं सांगायचं तर तुम्ही सांगलीला होतात तेव्हाच मी कुदळ घेऊन आलो होतो..."

दार धाडकन उघडलं.

"काय घेऊन आला होतात?"

"कुदळ," मास्तर चाचरले.

"माझ्या माघारी? माझं झाड उपटायला?" गोदाक्का पायरी उतरून झाडाच्या आणि मास्तरांच्या मधे येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. "मेल्या माणसाची आठवण तुम्ही दिलीत, तुम्हीच काढून घेतलीत, ते झालं. पण ह्याला हात तर लावून बघा! शेळीच्या तोंडातून ओढून काढलंय मी ह्याला. दुष्काळात अंघोळीचं पाणी घातलंय. म्हणे जुनं काढतो! तुमच्या बापाचं आहे का?"

मास्तर दोन पावलं मागे सरले. आणि गोदाक्काही मधेच थांबली. आपण आत्ता कोणासाठी भांडलो, हे तिला तिच्याच तोंडून ऐकू आलं असावं. ती वळली. तीन दिवस पाणी नव्हतं, तरी शेळीने खाल्लेल्या शेंड्याखालचे दोन फुटवे बोटभर लांब झाले होते. त्यांच्यावर नवी पानं होती, तांबूस, जावळासारखी मऊ. तिने एका पानाला बोट लावलं.

पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "मग हे आहे तरी कोण, मास्तर?"

आता मी सांगतो, मास्तरांच्या मनात एक नाव तयार होतं. परवा रात्रीपासून पुस्तकं चाळून काढलेलं, बरंचसं जुळणारं. ते अगदी जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी ते गिळलं. उभ्या आयुष्यात जे दोन शब्द उच्चारायची त्यांना लाज वाटली होती, ते त्यांनी उच्चारले.

"माहीत नाही, आक्का. फूल आल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"आणि फूल कधी येईल?"

"दोन वर्षं लागतील. चारही लागतील. तेही मला नक्की ठाऊक नाही."

गोदाक्का पायरीवर बसली. मास्तरांना वाटलं, आता रडेल. ती झाडाकडे पाहत होती, पण आजवर पाहायची तशी नाही. दारात पाहुणा आला की आपण कसं बघतो, कोण कुठला म्हणून, तसं.

"तीन वर्षं मी ह्याला एकसारखं ह्यांचंच सांगत बसले," ती म्हणाली. "ह्याचं स्वतःचं काय, ते कधी विचारलंच नाही बिचाऱ्याला." मग मास्तरांच्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "ती बकुळ देवळात नेऊन लावा. तिथली आता म्हातारी झालीय. कोणीतरी टोपी भरायला येईल पुढे."

"आणि ह्याचं?"

"ह्याचं काय? येऊ दे की सावकाश फूल." तिने पदराने तोंड पुसलं आणि कळशी उचलली. "मी कुठं चाललेय?"

पाणी घालून ती पुन्हा पायरीवर बसली, तसे मास्तरही तिच्या शेजारी, खालच्या पायरीवर बसले. त्या दिवशी वही त्यांनी घरीच ठेवली होती. दोघंही पुष्कळ वेळ त्या तांबूस पानांकडे बघत राहिले.